घरात कोणी गेल्यास

मला नाही म्हणता येत नाही. लोक याला माझा चांगुलपणा म्हणतात. त्यांनी म्हणायलाच हवं, फायदा त्यांचाच होतो.

सोळा वर्षं मी घरोघरी जाऊन पियानो शिकवते आहे. एवढ्या वर्षांत एक गोष्ट कळली: ज्या घरात पियानो असतो, तिथे पियानो सोडून सगळं वाजत असतं. दाराची घंटा, दोन-तीन फोन, मिक्सर, वॉशिंग मशीन. पियानोच्या डोक्यावर फोटोंच्या फ्रेमा, एक कुंडी आणि इस्त्रीला जायचे कपडे. मी गेले की आई धावत येऊन ते कपडे उचलते आणि माझ्याकडे अशा नजरेने बघते, की जणू मीच ते तिथे टाकले होते. एका घरी मी तापाने फणफणलेल्या मुलाला अर्धा तास सरगम शिकवली, कारण ‘टीचर आल्याच आहेत तर’. दुसऱ्या एका घरी चार मजले चढून गेले आणि दाराला कुलूप. फोन केला तर त्या घरच्या बाई म्हणाल्या, “अय्या, आज मंगळवार का?”

त्या कुलपाच्या दिवशी मी घरी आले तेव्हा वन्सं बसल्या होत्या. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. आमच्या वरच्याच मजल्यावर राहतात. विमा कंपनीत एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. पॉलिसीच्या मागच्या पानावर जो बारीक अक्षरातला मजकूर असतो आणि जो कोणी वाचत नाही, तो त्या लिहायच्या. दावा नाकारण्याची वाक्यं त्यांनी इतकी गोड लिहून ठेवली होती, म्हणे, की नाकारलेली माणसं आभाराची पत्रं पाठवायची.

माझी कहाणी ऐकून त्यांनी चष्मा पुसला. “कागद आण,” म्हणाल्या.

तासाभरात अकरा नियम तयार झाले. शिक्षिका येण्यापूर्वी पियानो रिकामा असावा. तास चालू असताना घरात एक मोठं माणूस हजर असावं, पण त्याने मध्ये बोलू नये. आजारी मुलाला बसवू नये. तास रद्द करायचा तर चोवीस तास आधी कळवावं, नाहीतर तो तास बुडाला असं समजावं. वाचता वाचता माझा ऊर भरून आला. कोणीतरी माझ्या बाजूने एवढं कडक बोललं होतं, तेही मला एक शब्दही बोलावा न लागता.

“पण वन्सं,” मी म्हटलं, “कोणाच्या घरी कोणी वारलं तर? तेव्हा चोवीस तास आधी कसं कळवणार?”

“मरणाच्या बाबतीत मी एकतीस वर्षं काढली आहेत,” वन्सं म्हणाल्या. “माणसं मरणाचा फार गैरफायदा घेतात. सूट द्यायची नाही.”

“असं कसं? बरं नाही दिसत.”

“मग दाखला जोडायला लाव.”

“पियानोच्या तासासाठी मृत्यूचा दाखला?”

बराच वाद झाला. माझा नवरा, म्हणजे वन्संचा धाकटा भाऊ, दोघींच्या मध्ये बसून शेंगदाणे खात होता. आम्ही बोलत असताना तोंड उघडायचं नाही, हा त्याचा स्वतःचा नियम आहे आणि आमच्या घरात तेवढाच एक नियम कसोशीने पाळला जातो. शेवटी वन्संनी नाइलाजाने चौथा नियम लिहिला. घरात कोणी गेल्यास, बुडालेला तास नंतर भरून देण्यात येईल. दाखल्याची अट मी खोडायला लावली. त्या अख्ख्या कागदात माझं स्वतःचं असं तेवढंच योगदान. पुढे अंगाशी आलं तेही तेवढंच.

सगळ्या घरांत मी तो कागद वाटला. दोन घरांनी शिकवणी बंद केली, एका घराने कागदाची होडी करून मुलाला दिली, आणि बबडीच्या आईने तो शब्दन्‌शब्द वाचला, सही केली आणि फ्रिजच्या दारावर लावला. मला वाटलं, चला, एक तरी शहाणं घर मिळालं.

बबडी दहा वर्षांची. बबडी म्हटलेलं तिला अजिबात आवडायचं नाही, पण घरात तिचं मत कोणी विचारत नसे. पियानोबद्दलही विचारलं नव्हतं. तिची आई एका मोठ्या कंपनीत होती. लोकांच्या रजेचे अर्ज तपासायचे आणि शक्य तितके नामंजूर करायचे, हे तिचं काम. मी मनातल्या मनात तिला मॅडम म्हणायची. बबडीचे बाबा सदैव दौऱ्यावर असत. या गोष्टीत त्यांचं काम एवढंच.

नियम लावल्यानंतरच्या दुसऱ्याच महिन्यात, मंगळवारी साडेतीनला मॅडमचा फोन आला. चारला तास होता आणि मी त्यांच्याच रस्त्याला लागले होते.

“टीचर, फार वाईट बातमी आहे. माझ्या मावससासूबाई गेल्या.”

“अरेरे!” मी रस्त्यातच थांबले. फोनवर मागून पाण्याचा धबाधब आवाज येत होता आणि कोणीतरी जोरजोरात शिट्टी वाजवत होतं. दुःखाच्या घरात कसलेही आवाज येतात, आपण चौकशी करू नये, असं म्हणून मी परत फिरले.

तीन आठवड्यांनी चुलतसासरे गेले. त्यानंतर महिन्याने नवऱ्याची आत्या गेली. प्रत्येक वेळी मंगळवारीच आणि प्रत्येक वेळी साडेतीनच्या सुमाराला. मला त्या घराची खरोखर कणव यायला लागली. कोणाची दृष्ट लागली म्हणावं तरी किती! बबडीला विचारलं, “तुला आत्याआजीची आठवण येते का गं?” तर ती म्हणाली, “कोण?” एवढीशी पोर, किती धक्का बसला असेल, असं मला वाटलं. भरून द्यायचे तीन तास साठले होते, पण अशा माणसांना तासाची आठवण कशी करून द्यायची?

चौथा फोन आला तेव्हा मॅडमचा आवाज खोल गेला होता.

“टीचर, बाबा गेले.”

“म्हणजे तुमचे वडील?”

“नाही नाही!” ती घाईने म्हणाली. मग जराशी थांबली. “सासरे.”

ते थांबणं मला हुंदका वाटला. आता वाटतं, कोण कोण शिल्लक आहे ते ती बघत असावी.

चुलत-मावस ठीक आहे, पण सख्खे सासरे गेल्यावर नुसत्या फोनवर कसं भागवायचं? दुसऱ्या दिवशी भेटायला जायचं मी ठरवलं. वन्सं म्हणाल्या, “दाखला माग.” मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं, फिक्या रंगाचे कपडे घातले, पांढरी फुलं घेतली आणि अकराच्या सुमाराला जाऊन घंटा वाजवली.

दार एका उंच, किडकिडीत म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. अंगात बर्म्युडा, चष्मा कपाळावर, हातात चहाचा मग.

“कोण हवंय?”

“मी बबडीची पियानोची टीचर. आजोबा गेल्याचं कळलं, म्हणून…”

“कुठे गेले?”

नात्यातले कोणी असतील, ऐकू कमी येत असेल, असं वाटून मी आवाज चढवला. “वारले म्हणून कळलं!”

समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं.

“कोण वारलं?” गृहस्थांनी विचारलं.

“बबडीचे आजोबा. तिच्या बाबांचे बाबा.”

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. “कधी?”

“काल दुपारी. साडेतीनच्या सुमाराला.”

“साडेतीनला मी झोपलो होतो,” ते विचार करत म्हणाले. “पण उठलो की नंतर.”

हातातली फुलं मी पाठीमागे लपवली. आजोबांनी ती काढून घेतली. “माझ्यासाठीच ना? मग द्या इकडे. आत या, पाणी प्या. मेलेला माणूस मी आणि चेहरा तुमचा उतरलाय.”

मोठ्या मुलाकडे घराचं रंगकाम चालू होतं, म्हणून आजोबा दोन महिन्यांसाठी इकडे आले होते. सून म्हणाली होती, दुपारी जरा आतल्या खोलीतच पडत जा. बिचारे पडत होते. मी पाणी प्यायले आणि सगळं सांगून टाकलं. ऐकताना त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मग बोटं मोजली.

“मावससासू म्हणजे माझ्या बायकोची बहीण. तिला बहीणच नव्हती. न जन्मलेलं माणूस मारलं, म्हणजे पाप नाही. चुलतसासरा म्हणजे माझा भाऊ. त्याच्याशी आज सकाळीच फोनवर भांडलोय, चांगला ठणठणीत आहे. माझी बहीण मात्र खरंच गेली.”

“अरेरे.”

“नऊ वर्षं झाली. तुम्हाला कळवायला जरा उशीर झाला एवढंच. आणि चौथा मी.” ते खुर्चीत मागे टेकले. “सुनेच्या माहेरचं कोणी?”

“नाही.”

“म्हणजे तिकडे सगळे खुशाल. आनंद आहे.”

मग ते उठून फ्रिजपाशी गेले आणि माझ्या नियमांचा कागद काढून घेऊन आले. चष्मा कपाळावरून नाकावर आला. हे गृहस्थ नोकरीत वजनमापं तपासायचे. दुकानादुकानांतून जाऊन तराजू आणि वजनं खरी आहेत का ते बघायचं, अठ्ठावीस वर्षं. चौथ्या नियमावर त्यांचं बोट थांबलं.

“घरात कोणी गेल्यास, बुडालेला तास नंतर भरून देण्यात येईल. कोणाला भरून देण्यात येईल?”

“बबडीलाच की.”

“तसं लिहिलेलं नाही.”

“पण अर्थ तोच ना!”

“बाई, काट्यावर दिसतं तेवढंच खरं. दुकानदाराच्या मनात काय होतं, ते मी अठ्ठावीस वर्षांत कधी विचारलं नाही. हे चार तास आमच्या मरणावर मिळालेले आहेत. त्यातला एक तर थेट माझ्या. ते मी घेणार. उद्यापासून चालेल?”

“मॅडमना विचारायला हवं.”

“मेलेल्या माणसाने सुनेला काय विचारायचं?”

आता इथे दुसरं कोणी असतं तर नाही म्हणालं असतं. मी म्हटलं, “उद्या तीनला येते.”

घरी जाऊन वन्संना सांगितलं. त्यांनी मॅडमबद्दल चकार शब्द काढला नाही. आपला कागद काढला, चौथा नियम तीनदा वाचला आणि मटकन खाली बसल्या. “‘विद्यार्थ्याला’ लिहायचं राहिलं,” म्हणाल्या. “एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं.” रात्री जेवल्या नाहीत.

गुरुवारी मॅडम घरूनच काम करत होत्या. आतल्या खोलीत दार लावून, कानाला हेडफोन लावून कोणाची तरी रजा नामंजूर करणं चालू होतं. आजोबांनी पियानो आधीच रिकामा करून ठेवला होता, फ्रेमा आणि कुंडी जमिनीवर ओळीने. नखं कापली होती. सोळा वर्षांत माझ्यासाठी कोणी नखं कापली नव्हती.

पहिली पाच मिनिटं बोटं कशी ठेवायची यात गेली. मग त्यांनी एक पट्टी दाबली. मग दुसरी. त्या दोन सुरांचं एकमेकांशी काही नातं नव्हतं, पण आवाज मोठा होता. आतलं दार उघडलं. मॅडम पाण्याची बाटली घेऊन बाहेर आल्या आणि जागच्या जागी थिजल्या. पियानोवर दिवंगत सासरे, शेजारी मी.

मीच खाली मान घातली, जणू खोटं मीच बोलले होते.

“ये,” आजोबा म्हणाले. “मी गेल्याबद्दल बाई काल भेटून गेल्या. फुलंही आणली होती. ती काय, ग्लासात आहेत.”

“बाबा, त्याचं असं झालं…”

“नियम सहा,” आजोबांनी पट्ट्यांवरची नजर न काढता सांगितलं. “तास चालू असताना घरच्या मोठ्या माणसाने मध्ये बोलू नये. तू सही केली आहेस.”

मॅडम आत गेल्या. पाणी न घेताच.

पहिला तास संपल्यावर मी भीत भीत विचारलं, “पण तुम्हाला पियानोच का?” आजोबा जरा संकोचले. तरुणपणी एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात वजनकाटा तपासायला गेले होते. मधलं दार उघडं होतं आणि पलीकडच्या हॉलमध्ये कोणीतरी पियानो वाजवत होतं. पाच किलोचं वजन हातात घेऊन ते तसेच उभे राहिले. हात भरून आला तेव्हा भान आलं. “तेव्हापासून वाटत आलंय,” ते म्हणाले, “की आपलं खरं काम त्या दाराच्या पलीकडे होतं. आपण उगाच अलीकडे वजनं मोजत बसलो.”

असं ऐकल्यावर शिक्षकाने काय बोलायचं असतं ते कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही.

त्यांच्याइतका आज्ञाधारक विद्यार्थी मला मिळाला नव्हता आणि त्यांच्याइतका वाईटही. रोज दोन तास सराव करायचे. बोटं लाकडासारखी. ताल म्हणाल तर कधी येऊन गेला तेही कळायचं नाही. तिसऱ्या तासाला बबडी शाळेतून लवकर आली, दप्तर टाकलं आणि दोन मिनिटं कान दाबून उभी राहिली.

“आजोबा, चौथं बोट!” ती शेवटी ओरडली. “तिसरं नाही, चौथं! आणि एवढं जोरात काय मारताय, ते काय झुरळ आहे?”

तिने त्यांना सरकवलं आणि तो तुकडा वाजवून दाखवला. चक्क बरोबर वाजवला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, लागली गोडी पोरीला! आता आजोबा आणि नात शेजारी शेजारी बसून वाजवणार.

“छान वाजवतेस गं,” मी म्हटलं.

“मला येतं,” बबडी म्हणाली. “आवडत नाही.” आणि बिस्किटं शोधायला गेली.

चौथा तास संपला तेव्हा आजोबांनी पियानोचं झाकण हळूच बंद केलं, त्यावर हात ठेवला आणि प्रसन्न चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं.

“बाई, मला हे अजिबात आवडलेलं नाही.”

“काय?”

“कंटाळवाणं आहे हो. ऐकायला बरं, वाजवायला शिक्षा. पन्नास वर्षं उगाच वाटत होतं, काहीतरी राहून गेलं. काही राहिलं नव्हतं. वजनंच बरी होती.” ते खरोखरच मोकळे झाल्यासारखे दिसत होते. “तुमचे उपकार झाले. आणि सुनेचेही, तिने मारलं नसतं तर कळलंच नसतं.”

मग त्यांनी सुनेला हाक मारली. मॅडम बाहेर आल्या, मागोमाग बबडीही. आजोबा म्हणाले, “पोरीला विचार, तिला शिकायचंय का?”

“बाबा, असं अर्ध्यावर सोडून कसं…”

“तू फक्त विचार.”

मॅडमनी विचारलं. बबडीने नाही म्हटलं. एवढं साधं, स्पष्ट, हसून. मी बघतच राहिले. दहा वर्षांच्या मुलीला जमत होतं.

मॅडम मला सोडायला खाली गेटपर्यंत आल्या. यापूर्वी कधी आल्या नव्हत्या. बराच वेळ चपलेने एक खडा इकडून तिकडे ढकलत उभ्या राहिल्या.

“टीचर, मंगळवारी तिच्या पोहण्याच्या सरांनी जादा तास लावले होते,” त्या म्हणाल्या. “त्यांच्याकडे गैरहजेरी चालत नाही. कोणी मेलं तरी चालत नाही, असं बोर्डवरच लिहिलंय. त्यांना नाही म्हणता येईना, शाळेला म्हणता येईना, घरात कोणाला म्हणता येईना. तुम्ही तेवढ्या मऊ होता. म्हणून सगळं तुमच्यावर ढकललं.” डोळे भरले होते त्यांचे. “ऑफिसात अशी खोटी कारणं मी दिवसातून दहा पकडते, हो. तुम्ही एकदाही संशय घेतला नाहीत, तेव्हा आणखी लाज वाटायची. पण तोवर पुढचा मंगळवार यायचा.”

मला राग यायला हवा होता. यायलाही लागला होता. पण तिच्या चेहऱ्यात मला भलताच ओळखीचा चेहरा दिसला आणि राग अर्ध्या वाटेतच थांबला.

“जाऊ दे,” मी म्हटलं.

तिने नाक पुसलं. “टीचर, एक विचारू? पुढेमागे बबडीचं मन बदललं तर… तोपर्यंत मंगळवारची वेळ तुम्ही आमच्यासाठी राखून ठेवाल? नक्की काही नाही, पण असू दे.”

माझ्या तोंडात ‘हो’ तयारच होता. सोळा वर्षांची सवय. तो मी गिळला.

“नाही,” मी म्हटलं.

आवाज बारीक आला आणि लगेच पुढे ‘म्हणजे बघते’ असं जोडावंसं वाटलं. जोडलं नाही. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मग कामावरची सवय म्हणा, त्यांनी मान डोलावली, एखादा नियमात बसणारा अर्ज आल्यासारखी.

मी रस्त्याला लागले. कोपऱ्यावरच्या दुकानात उभी राहून एक कॉफी प्यायले, साखर जास्त घालून. कोणी मागून पकडायला आलं नाही.

पुढचे दोन मंगळवार चार वाजता मला कुठेच जायचं नव्हतं. घरी बसून स्वतःसाठी वाजवलं. तिसऱ्या आठवड्यात एका दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. वय पंचावन्न, कधी वाजवलेलं नाही, शिकवाल का. मी आधीच स्पष्ट सांगितलं की सराव करावा लागेल, आणि वेळ पाळावी लागेल. ते म्हणाले, मी रोज लोकांना हेच सांगतो, कोणी ऐकत नाही. अजून जाते त्यांच्याकडे. वाजवतात बेताचंच, पण घंटा वाजायच्या आत दार उघडतात.